दादाने टाकून पाहिलेले पासवर्ड

रविवारी सकाळी दादा कर्वेनगरहून धायरीला माझ्याकडे आला आणि चपला काढायच्या आधीच म्हणाला, "तुझा तो लॅपटॉप काढ."

दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. त्याची बायको, माझी वहिनी, दिवाळी झाल्यापासून वर्ध्याला माहेरी होती आणि कधी परत येणार ते सांगत नव्हती. भांडण झालं नव्हतं. विचारलं की म्हणायची, "बघू." त्या 'बघू'ने आमच्या घरात कुणाचंच चित्त थाऱ्यावर नव्हतं.

वहिनीला रोज चार ओळी लिहायची सवय. त्यासाठी एक खासगी वेबसाइट मीच तिला बनवून दिली होती, कामावर शिकलेलं घरी करून बघावं म्हणून. दादाला तिचं लिखाण वाचायचं होतं.

"का गेली ते त्यात असणार. तूच बनवलीस ना? मग उघड."

"मला नाही उघडता येत."

"स्वतः बांधलेल्या घराची किल्ली नाही तुझ्याकडे? छान. पगार कशाचा देतात तुला?"

किल्ली कुठेच ठेवलेली नसते, हे त्याला कसं समजवावं? वहिनी पासवर्ड टाकते. त्यात तिच्या खात्यापुरती ठरलेली काही वेडीवाकडी अक्षरं मिसळतात, त्यांना आमच्या धंद्यात मीठच म्हणतात. मग ते मिश्रण तिच्याच ब्राउझरमध्ये पाट्यावर वाटावं तसं लाखो वेळा वाटलं जातं, आणि त्यातून जी किल्ली तयार होते तिनेच लिखाण उघडतं. पान बंद केलं की किल्ली गेली. माझ्या सर्व्हरवर उरते ती न वाचता येणारी रास. हे वाटण मी मुद्दाम सावकाश ठेवलं आहे, म्हणजे अंदाजपंचे पासवर्ड शोधणाऱ्याला दर वेळी ताटकळावं लागतं.

"'पासवर्ड विसरलात?' असं बटण कुठाय?"

"ठेवलं नाही."

"वा."

मग तो स्वतःच लॅपटॉपसमोर बसला. त्याचा उतरलेला चेहरा बघून मला त्याला उठवता आलं नाही. वहिनीचा ईमेल टाकून त्याने आधी स्वतःचं नाव टाकलं. चक्र फिरत राहिलं आणि मी ओट्याला धरून उभी राहिले. चुकीचा. नावापुढे जन्मसाल. चुकीचा. गाडीचा नंबर. हॉस्टेलवर असलेल्या मुलीचं नाव. ते चक्र फिरताना मला उघडू नये असंही वाटायचं आणि एकदाचं उघडावं असंही. वहिनी माझी मैत्रीणच. मलाही न सांगता गेली, याचा रागच आला होता मला.

शेवटी त्याला लग्नाची तारीख सुचली. दोन आकडे टाकून तो अडला. फोन काढून लग्नपत्रिकेचा फोटो शोधला, बघून तारीख टाकली. तीही चुकीची.

"दुसरा काहीच मार्ग नाही?"

"नाही," मी म्हटलं, आणि तो चहा न घेताच गेला.

मार्ग होता. कुलूप कितीही पक्कं असलं, तरी वहिनी जे पान उघडते ते तिला दर वेळी माझ्या सर्व्हरवरूनच जातं. त्या पानात मी दोन ओळी घुसडल्या, की पुढच्या वेळी तिचा पासवर्ड किल्ली बनायच्या आधीच माझ्या हातात. तिला पत्ताही लागला नसता. कुंपणानेच शेत खायचं म्हणतात ते हेच. मी फाइल उघडली, बंद केली, कपडे वाळत घातले, परत उघडली. भावाचं घर मोडायला आलंय आणि मी कसली तत्त्वं कवटाळून बसलेय, असंही मनात आलं. कुठेच बसवेना. शेवटी स्वतःचाच भरवसा वाटेनासा झाला, तेव्हा वहिनीला फोन लावला आणि दादा काय करून गेला ते सांगून टाकलं.

ती चिडेल असं वाटलं होतं. तिने एवढंच विचारलं, "उघडलं का?"

"नाही."

"काय काय टाकून बघितलं त्याने?"

मी सांगत गेले. नाव, जन्मसाल, गाडी, मुलगी.

"माझं काहीच नाही?"

"लग्नाची तारीख टाकली की," मी घाईघाईने म्हटलं.

ती जराशी हसली. कित्येक दिवसांत तिचा आवाज इतका मऊ ऐकला नव्हता. "त्याला आठवली?"

'हो' म्हणायचं होतं मला. एका अक्षराचं काम होतं, आणि तेवढं खोटं मी दादासाठी आनंदाने बोलले असते. पण मला नको तेवढा वेळ लागला.

"बरं," वहिनी म्हणाली. "माझे स्वेटर कपाटाच्या वरच्या कप्प्यात आहेत. कुरिअरने पाठवून द्यायला सांग त्याला. इकडे थंडी फार पडते."