पालकत्वाच्या पत्रातलं माझं नाव

२६ डिसेंबर, शुक्रवार, सकाळचे साडेदहा. हॉस्पिटलच्या काउंटरवर अनामत चाळीस हजार रुपये. हजर आम्ही चौघं: मी, बायको, आमची मुलगी आणि तिची सोळा वर्षांची मैत्रीण, उजव्या हाताला फळी बांधलेली.

ही मैत्रीण श्रीलंकेची. आम्ही मस्कतला नऊ वर्षं होतो, तेव्हा दोघी एका वर्गात. वडील नाहीत, आई तिथेच नर्स. नाताळला ती एकटी आमच्याकडे आली. आदल्या दिवशी वाडीतल्या बावखलाच्या, म्हणजे गोड्या पाण्याच्या तळ्याच्या, शेवाळलेल्या पायरीवरून ती घसरली आणि कोपर मोडलं. ऑपरेशन लगेच करायला हवं, असं डॉक्टर म्हणाले. अल्पवयीन असल्याने सही पालकाची लागणार होती.

त्याची तयारी मी आधीच केली होती. परदेशी पाहुणा घरी उतरला की चोवीस तासांत सी-फॉर्म भरावा लागतो. मी सहा तासांत भरला. तिच्या पासपोर्टचा नंबर तीनदा ताडून पाहिला. तिच्या उपचारांसाठी सही करण्याचा अधिकार मला देणारं तिच्या आईचं पत्र मस्कतच्या नोटरीकडून करून घेतलं. मसुदा मीच सांगितला होता.

काउंटरवरच्या मुलीने पत्र वाचलं, आधार कार्ड पाहिलं.

"काका, हे पत्रातले कोण?"

"मीच."

"आधारवर तर दुसरंच नाव आहे."

आमच्या गावात माझ्याच नावाचे आणि आडनावाचे चौघे आहेत. त्यामुळे चर्चमध्ये, लग्नपत्रिकेत, दुकानात प्रत्येकाची ओळख घराण्याच्या नावाने आणि घरी हाक मारायच्या नावाने. मस्कतलाही सगळे मला तसंच ओळखत. तिच्या आईला पत्राचा मसुदा सांगताना मी तेच नाव सांगितलं. आकडे तपासले, नाव तपासायचं सुचलंच नाही.

"गावात कुणालाही विचारा," मी म्हणालो.

"गावाला विचारून ऑपरेशन करतात का, काका?"

बायको म्हणाली, "फादरकडून दाखला आणते." व्यवस्थापकांनी ऐकून घेतलं. दोन्ही नावं तुमचीच हे दाखल्याने कळेल, म्हणाले, पण आईने मुलगी तुमच्याच हवाली केली हे आईनेच लिहून द्यायला हवं. व्हिडिओ कॉलवर आई रडत होती, पण तो चेहरा त्यांना पुरावा म्हणून चालेना. जिवाला धोका असता तर सहीवाचून ऑपरेशनला घेतलं असतं, म्हणाले. कोपराने जीव जात नाही. आणखी दोन हॉस्पिटलांना फोन केले. उत्तर तेच.

मस्कतला शुक्रवार-शनिवार सुट्टी. रविवारी तिथला नोटरी उघडला आणि दुपारी नवं पत्र आलं. पण रविवारी इथलं हॉस्पिटलचं कार्यालय बंद. सोमवारी कागद मंजूर झाला तोवर कोपर सुजून त्यावर फोड आले होते. मंगळवारी ऑपरेशन झालं.

या चार दिवसांत मुलगी मला एकदाच म्हणाली, "पप्पा, तुम्ही तर सगळं दोनदा बघता ना." टोमणा नव्हता तो. तिला खरंच समजत नव्हतं.

मैत्रिणीचा हात आता अर्धाच वाकतो. उशिरामुळे, की मारच तसा होता, हे मी डॉक्टरांना विचारलं. सांगता येणार नाही, म्हणाले. त्या उत्तराचा आधार घ्यायचा मी बरेच दिवस प्रयत्न केला. तिचे केस आता तिची आई बांधते. बाईंनी मला एका शब्दाने दोष दिला नाही, मात्र मुलींचे फोन कमी होत गेले.

हॉस्पिटलचं बिल एक लाख शहाऐंशी हजार झालं, ते विम्यातून गेलं. फिजिओथेरपी विम्यात बसत नव्हती. दर वेळचे पंधरा रियाल मी थेट मस्कतच्या फिजिओथेरपिस्टला पाठवायचो. तेराव्या वेळचे त्याने परत केले. हात आता याहून जास्त वाकणार नाही, उगाच पाठवू नका, असं लिहिलं होतं. म्हणजे त्याला दिले ते बारा वेळांचे, एकशे ऐंशी रियाल.