धुळ्याच्या हातची टिप

माझा नवरा माझ्या हातची भाकरी खातो, माझ्या हातचा चहा पितो, ताप आला की कपाळावर हात माझाच लागतो त्याला. पण त्याच्या क्यूची टिप माझ्या हातची चालत नाही. ती लागते धुळ्याच्या अक्काच्या हातची. अक्का म्हणजे त्याची थोरली बहीण, माझी नणंद.

जळगावात आमचं पूलचं छोटं पार्लर आहे. खाली मारवाड्याचं साड्यांचं दुकान, वर आमची टेबलं. कॉलेजची पोरं येतात, दुकानं बंद करून व्यापारी येतात, कोणी कोणी तर बायकोला सांगून न सांगून येतं. टिप म्हणजे क्यूच्या, बॉल मारायच्या काठीच्या, टोकाला चिकटवलेली चामड्याची टिकली, शर्टाच्या बटणाएवढी. बॉलला लागतं ते तेवढंच. ती झिजते, फुगते, तिरकी होते, आणि भर खेळात उडाली तर खेळणाऱ्याचं तोंड बघण्यासारखं होतं.

पार्लरमधल्या सगळ्या क्यूंच्या टिपा मी लावते. कोणी शिकवलं नाही. बोटं चिकटवून घेत, ब्लेडनं कापून घेत शिकले. जुनी टिप ब्लेडनं उडवायची, खालची पितळी टोपी पॉलिश पेपरवर घासून सपाट करायची, नव्या टिपेचं पोट घासून जरा खरखरीत करायचं. मग गोंदाचा एकच थेंब. दोन टाकले की वाट लागली. टिप ठेवायची, क्यू उलटा धरून फरशीवर सरळ दाबायचा आणि गोंद पुरता धरेपर्यंत श्वाससुद्धा बेतानं घ्यायचा. आमच्याकडच्या उन्हाळ्यात गोंदाची ट्यूब बाहेर ठेवली तर घट्ट होते, म्हणून ती माझ्या फ्रिजमध्ये कोथिंबिरीच्या शेजारी असते. गिऱ्हाइकं म्हणतात, वहिनी, तुमची टिप काय हलत नाही बुवा. बाहेरच्या क्लबातले लोकही क्यू आणून देतात.

आणि घरचा मालक काय करतो? स्वतःचा क्यू काळ्या पिशवीत घालतो आणि धुळ्याची एसटी पकडतो! एकदा मी सोबत होते. खिडकीची जागा काठीला, मधली त्याला, कडेची मला. पारोळ्यापर्यंत माझ्या खांद्याला येणारे-जाणारे धक्के मारत होते आणि हा काठीला हातानं सांभाळून बसला होता. मला इतका राग आला की पारोळ्याला त्यानं भजी आणली ती मी खाल्ली नाहीत. त्यानं दोघांची खाल्ली.

आता अक्का काय आहे ते सांगते. ह्यांची आई लवकर गेली. कॉलेजला हे धुळ्याला अक्काकडेच राहिले. अक्काच्या यजमानांचं तिथं पूलचं टेबल होतं, ह्यांनी पहिला बॉल मारला तो त्याच टेबलावर, आणि पहिली टिप लावून दिली ती अक्कानं. पुढे यजमान वारले, टेबल विकलं गेलं, राहिला तो अक्काचा हात. त्या हाताचे पोवाडे मी लग्न झाल्यापासून ऐकत आलेय. अक्का दार लावून टिप लावते. गोंद ओला असताना कोणी बोलायचं नाही, असा तिचा कायदा. बाहेर हे देवळाबाहेर बसल्यासारखे बसतात. माझ्या पोटात दुखायचं, खोटं कशाला बोलू? बायको घरात बसून गावाच्या टिपा लावते आणि नवरा टिपेसाठी परगावी जातो, हे पार्लरमध्ये सगळ्यांना माहीत. कोणीतरी हसत विचारायचंच, भाऊ, आज धुळे का? मला एकच हवं होतं. त्यानं एकदा माझ्या हातच्या टिपेनं खेळावं आणि चार माणसांत म्हणावं, ही हिनं लावलीय.

तशी संधी एकदा आली होती. दसऱ्याच्या आधी ह्यांची टिप फाटली आणि धुळ्याला जायला सवड नव्हती, कारण अक्काच सणाला आमच्याकडे आली होती. हे म्हणाले, बरं, लाव तू. मी जुनी टिप काढली, टोक घासून आरशासारखं केलं. तेवढ्यात खंडेनवमी उजाडली. त्या दिवशी हत्यारांची पूजा, हत्यार चालवायचं नाही. मीही ब्लेड खाली ठेवलं. सगळे क्यू भिंतीशी ओळीनं उभे केले आणि अक्कानं वडीलकीच्या मानानं एकेकाला हळदकुंकू लावलं. पाण्यातलं कुंकू वाळलं की झडतं, म्हणून तिच्या सासरी ते तेलात कालवतात. बाकीच्या क्यूंना लागलं टिपेवर. ह्यांच्या क्यूला टिपच नव्हती, त्यामुळे लागलं उघड्या टोकावर. पितळी टोपीच्या मधोमध लाकूड उघडं असतं. लाकूड तेल पिणार नाही तर काय करणार? दसरा झाल्यावर मी पुसलं, घासलं, टिप लावली. चार दिवसांत भर सामन्यात ती उडाली आणि समोरच्या खेळाडूच्या चहात पडली.

लोक हसून हसून खाली बसले. हे लालेलाल! घरी आल्यावर मी ओरडून सांगितलं, अहो, तेल मुरलं होतं लाकडात, कुंकवाचं तेल, त्यावर गोंद धरत नाही. तर म्हणाले, “आता अक्काच्या कुंकवाला नावं ठेव.” अक्का तिथंच बसली होती. सुपारी कातरत होती. ती कातरतच राहिली. त्या दिवसापासून माझ्या तळपायाची आग जी मस्तकात गेली, ती खाली आलीच नाही.

पुढची सगळी वर्षं धुळ्याची वारी चालू. यंदा हिवाळ्याच्या तोंडावर आणलेली टिप मी हळूच पाहिली, तर किंचित तिरकी! मला किती आनंद झाला म्हणून सांगू. दिवसभर गुणगुणत होते. हे मात्र बॉल चुकला की म्हणायचे, माझाच हात वाकडा जातोय. मी म्हटलं, टिप बघा एकदा. तर म्हणाले, अक्काची टिप वाकडी कशी असेल? घ्या. सूर्य पश्चिमेला उगवेल, पण अक्काची टिप वाकडी असायची नाही.

मग धुळ्यात एका क्लबचे सामने लागले. मीही हट्टानं सोबत गेले. म्हटलं, बघू तरी. सकाळी अक्काच्या घरी पोचलो, सामन्याआधी नवी टिप हवी म्हणून ह्यांनी काठी दोन्ही हातांनी तिच्याकडे दिली. अक्का तिच्या अहिराणीत म्हणाली, “बाई, तू आत चाल. वांगी भाजानी शेतस.” हे बाहेर बसले. मी आत गेले, वांगी कुठंच दिसेनात. अक्कानं दाराला कडी लावली, काठी माझ्या हातात दिली आणि स्वतःचे दोन्ही हात पुढे केले. बोटं लटलट कापत होती.

“मना हात थरथरतस आते,” ती हळूच म्हणाली. “तूच लाई दे. भाऊले सांगू नको.”

मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? दार उघडावं आणि ओरडावं, अहो, या, बघा तुमच्या अक्काचे हात! खरंच उठले मी. कडीला हातही घातला.

मागून अक्का म्हणाली, “त्या दसराले तेल मीच लायेल व्हतं. माले तव्हाच समजनं.”

मी वळले. “समजलं होतं? आणि गप्प बसलात? अक्का, लोक मला हसले. हे आजतागायत मला त्यांच्या टिपेला हात लावू देत नाहीत!”

“तुले तो रोज दिसस,” अक्का म्हणाली. “माले कव्हय दिसस? काठी शे म्हनीसन येस तो. नुसता बहीनले भेटाले कोन येस?”

तिच्या डोळ्यांत पाणीबिणी काही नव्हतं. उलट माझ्याकडे ती चांगली रागानं बघत होती. आणि मला एकदम कळलं, हा राग माझ्या ओळखीचा आहे. मी इतकी वर्षं तिच्यावर जळले आणि ही बाई इकडे धुळ्यात बसून माझ्यावर जळत होती! मी लग्न करून आले आणि तिचा भाऊ जळगावचा झाला. तिच्याकडे उरली ती ही टिप. ती मी घेतली असती तर तो फक्त राखी न् भाऊबीजेला आला असता, तेही जमलं तर.

मला तिची दया आली असं मी म्हणणार नाही. राग आला, भरपूर आला. पण कडीवरचा हात मी काढला. खाली बसले, तिरकी टिप उडवली, टोक घासलं. अक्कानं तिचा जुना डबा उघडून दिला. पेपर, ब्लेड, सगळं तिनं नीट ठेवलेलं. एक थेंब टाकला, टिप बसवली, क्यू उलटा करून फरशीवर दाबला. आम्ही दोघी बोललो नाही. गोंद ओला होता.

त्या दिवशी हे असे खेळले की काय सांगावं. बॉल नुसता सांगतील तिथं जात होता. शेवटचा सामना जिंकले आणि तिथनं थेट अक्काच्या दारात. पेढ्यांचा पुडा तिच्या हातात दिला, वाकून नमस्कार केला. मग माझ्याकडे बघून टिपेवर बोट ठेवून म्हणाले, “बघ. नीट बघ. याला म्हणतात हात. आयुष्य गेलं तरी तुला यायचं नाही.”

अक्कानं हात पदराखाली घेतले. ती माझ्याकडे बघेना. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. आजवर मी तिच्या हाताचा हेवा केला, तो एकवेळ समजण्यासारखा होता. आता माझ्यावर माझ्याच हाताचा हेवा करायची वेळ आली! माझं कौतुक माझ्या समोर, माझ्या नवऱ्याच्या तोंडून, आणि ते खायचं दुसरीनं. मी पेढा तोंडात टाकला, म्हणजे तोंड बंद राहील.

परतीच्या गाडीतही तेच. अक्काचा हात, अक्काची टिप. मी म्हटलं, “हो हो, आहेच तसा हात. आता झोपू द्या.”

गेल्या महिन्यात ती टिप झिजून चपटी झाली. ह्यांच्या लक्षात यायच्या आधी मीच म्हटलं, चला, धुळ्याला जाऊन येऊ, अक्काला भेटून बरेच दिवस झाले. हे माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, तुला बरं वाटतंय ना? मी फ्रिजमधली ट्यूब ओल्या फडक्यात गुंडाळून पर्समध्ये टाकली. एसटीत खिडकीची जागा पुन्हा काठीला. पारोळ्याला भजी आली, ती मात्र मी माझ्या वाटची खाल्ली.

अक्कानं पाट, पेपर, ब्लेड मांडूनच ठेवलं होतं. भाऊ आल्या आल्या तिनं त्याला चहा दिला, पोहे दिले, त्याच्या पाठीवरून हात फिरवला, दुपारच्या जेवणाला थांबायचं कबूल करून घेतलं. मग काठी घेतली आणि म्हणाली, “बाई, चाल आत.” दाराला कडी लागली. मी टोक घासलं, थेंब टाकला, टिप ठेवली, अंगठ्यानं सरळ केली.

तेवढ्यात बाहेरून ह्यांचा आवाज आला. “अक्का, सावकाश होऊ दे! आणि तिला हात लावू देऊ नको हं, सगळं बिघडवून ठेवेल!”

अक्कानं पदर तोंडात कोंबला, तिचे खांदे हसून हसून हलत होते. मला हसू आलं नाही. गोंद ओला होता, मी टिपेवर अंगठा आणखी जोरात दाबला.