तळघरातली गंगा

आमच्या शेजाऱ्याला कुठलीच गोष्ट साधी दिसत नाही. पाल चुकचुकली तरी हा त्यातून देवाचा कौल काढणार. त्याच्या तळघरात पाणी झिरपलं, तर म्हणाला, "तात्या, राजापूरची गंगा माझ्याकडे आली!" आल्यागेल्याला तीर्थ वाटायला लागला. इकडे आमची सामाईक जांभ्याची भिंत भिजून भुसभुशीत होत चाललेली. त्या तीर्थाला साबणाचा वास! मी त्याच्या न्हाणीच्या मोरीत नीळ ओतली, तर तळघरात निळं पाणी उतरलं. म्हटलं, "बघ मेल्या, तुझ्याच आंघोळीचं तीर्थ!" तर हात जोडून म्हणतो, "यमुनाही आली!" शेवटी गवंडी आणून मीच मोरीचा फुटका पाइप बदलून घेतला. तळघर सुकलं. आता हा गावभर सांगत फिरतो, "तात्याचा पापी पाय लागला नि गंगा आटली."