मामाचे राक्षस आणि आमचे पापड

आमच्या मामानं उभ्या आयुष्यात एकही खरी गोष्ट वाचली नाही, आणि त्यावाचून त्याचं काही अडलंही नाही. पेपर पुढे केला तर म्हणायचा, "यात काय, जे झालं तेच छापलंय!" त्याला हवेत राक्षस, उडते घोडे, बोलणाऱ्या विहिरी. जळगावच्या एका डाळमिलमध्ये कामाला असल्यामुळे राक्षसांकडेही तो धंद्याच्या नजरेनं बघायचा. सात तोंडांचा राक्षस निघाला की पुस्तक मिटून आधी विचारात पडायचा, "याला एका जेवणाला डाळ किती लागत असंल रे?" एसटीतून सातपुडा दिसला की एकेक डोंगर राक्षसाला राहायला बरा आहे का ते बघायचा, आणि पाण्याची सोय नाही म्हणून बहुतेक नापास करायचा.

दर उन्हाळ्यात तो रजा काढून शिरपूरला आमच्याकडे यायचा, खास उडदाच्या पापडांसाठी. गल्लीतल्या बायका सकाळीच आमच्या ओट्यावर पोळपाट घेऊन बसायच्या आणि मामा उपड्या बादलीवर बसून त्यांना मोठ्यानं पुस्तक वाचून दाखवायचा. मोबदला म्हणजे तेलात बुडवलेल्या कच्च्या लाट्या. गोष्टीत लढाई जुंपली की लाटणी अशी फिरायची, की पापडातून पलीकडचं दिसावं. नायिका अंधाऱ्या गुहेत शिरली की सगळे हात थांबायचे आणि पापड भाकरीएवढा जाड राहायचा. पावसाळ्यात भाजताना आई ओळखायची, "हा गुहेतला. कच्चाच राहणार." ती दटावायची, "भाऊ, मार रे त्या राक्षसाला लवकर, पीठ वाळतंय!" मामा म्हणायचा, "अक्का, ते माझ्या हातात आहे का?"

नववीत दुसऱ्यांदा नापास होऊन मी शाळा सोडली आणि पुस्तकाला हात लावणंही सोडलं. वाटायचं, शाळेनं ज्याला नको म्हटलं त्यानं पुस्तक उघडलं तर मागून कोणीतरी कान धरील. त्या उन्हाळ्यात नायिका राक्षसाच्या दारात उभी असताना मामाचा घसा बसला. "खा अजून लाट्या!" आई म्हणाली. मामानं पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं.

"मला नाही जमणार मामा. वर्गात हसायचे सगळे."

तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "राक्षसानं तुझी मार्कशीट मागितलीय का?"

पहिल्याच ओळीत मी तीनदा अडलो. कानशिलं तापली. पण हसलं कोणी नाही. शेजारच्या नानी तेवढ्या लाटणं हवेत धरून ओरडल्या, "थांबू नको ना भो! मंग काय व्हयनं?" काय झालं ते मलाही कळायला हवंच होतं. दुपारपर्यंत वाचत राहिलो. त्या वर्षीचे पापड मात्र सगळेच जाड झाले.

आता मी चेन्नईजवळच्या एका कारखान्यात आहे. इथल्या पाट्या मला वाचता येत नाहीत, आणि ठेका संपला की पुढं काय, या धास्तीनं रात्री झोप उडते. पण उशाशी मामानं दिलेलं एखादं राक्षसाचं पुस्तक असतंच. ते उघडलं की जीव थाऱ्यावर येतो. मामाचे डोळे आता अधू झालेत. रविवारी सकाळी त्याचा फोन येतो. पगार विचारत नाही, जेवण विचारत नाही. नुसतं म्हणतो, "हं, वाच."

मी वाचतो. अजूनही अडतो. अडलो की तिकडून तो पुढचा शब्द हळूच सांगतो. पुस्तक त्याला केव्हाचं पाठ आहे. कधीकधी मी मुद्दाम अडतो.