पांढऱ्याची पारख

"ज्याला पांढरं कळलं, त्याला बाकीचे रंग फुकट मिळतात," असं आमचा मामा म्हणायचा. गिऱ्हाइकाला म्हणायचा, मला म्हणायचा, आणि ऐकायला कोणी नसलं तर कॅमेऱ्याची काच पुसता पुसता स्वतःलाच म्हणायचा. मामी आतून ओरडायची, "कळलं हो, कळलं! आधी तो चष्मा धुवा, मग पांढऱ्याचं बोला."

मामाचा फोटो स्टुडिओ म्हणजे त्यांच्या घराची पुढची खोली. एक स्टूल, मागे राखाडी पडदा, दोन उंच दिवे आणि भिंतीला टेकवलेलं टेबल. टेबलावर लॅपटॉप. तो दोघांत एकच होता. सकाळी मामी त्याच्यावर एका बांधकाम कंत्राटदाराचं काम करायची. पत्रं, हजेरीचे तक्ते, सामानाची जुळणी. दुपारची जेवणं झाली की खुर्ची मामाकडे जायची आणि पडद्यावर माणसांचे चेहरे उघडायचे. "ही सकाळपाळी, मी दुपारपाळी," मामा म्हणायचा, "मशीन तेवढं बिचारं बिनसुट्टीचं."

मामा फोटो बघायचा तो डावा डोळा मिटून. उभा जन्म कॅमेऱ्याला उजवा डोळा लावण्यात गेला, ती सवय चेहऱ्यातच मुरली होती. कागद असो, पडदा असो, काही नीट बघायचं म्हटलं की डावा डोळा आपोआप मिटायचा. स्टुलावर बसलेली नवखी माणसं गोंधळायची. एक वयस्क बाई तर मामीला हळूच म्हणाली होती, "तुमचे हे डोळा मारतात हो." मामी म्हणाली, "मला कधी मारला नाही, तुम्ही नशीबवान."

असं सगळं हसतखेळत चाललेलं असताना मामाचे फोटो थंड पडायला लागले. म्हणजे चेहऱ्यांवर निळी छटा यायला लागली. शाळेच्या पोरांचे पांढरे सदरे निळीत दोनदा बुडवल्यासारखे दिसायचे. मामीला ते पहिल्याच दिवशी दिसलं. तिनं विचारलं तर मामा म्हणाला, "स्क्रीन जुनी झाली, पिवळी पडली. मी तेवढं निळं वरून टाकतो. धंद्यातलं गणित आहे, तुला नाही कळायचं."

मामीनं वाद घातला नाही. मामा संध्याकाळी पाय मोकळे करायला गेला की ती खुर्चीत बसायची, त्याचा एकेक फोटो उघडायची आणि त्यातलं निळं हलक्या हातानं काढून टाकायची. मिठाचा खडा जास्त पडला तर रस्सा कसा सारखा करतात, तसं. मग फोटो छपाईला जायचे. छापून आले की मामा डावा डोळा मिटून बघायचा आणि म्हणायचा, "जरा पिवळे आलेत. हल्ली कागदच चांगला येत नाही."

मला हे मामीनं एकदा भांडी पुसता पुसता सांगितलं. "डोळा गढूळ झालाय रे त्यांचा. समोरून गाडी आली की तिचा दिवा फुटल्यासारखा दिसतो म्हणतात. डॉक्टरचं नाव काढलं की चप्पल घालून बाहेर."

"मग सरळ सांग ना, तुमचे फोटो बिघडतात म्हणून."

"सांगितलं तर ते खुर्ची सोडतील. मग सकाळ-संध्याकाळ भिंतीकडे बघत बसतील. त्यापेक्षा माझी बोटं झिजली तर झिजू देत."

दिवस असेच निघाले असते. पण मामीच्या बहिणीच्या लेकीचं बाळंतपण आलं आणि मामी तिकडे गेली. तिच्या मागे एका तान्ह्या बाळाचा फोटो मामानं एकट्यानं केला, एकट्यानंच छापून आणला. बाळाचा बाप दुसऱ्या दिवशी दारात उभा. "काका, आमचं बाळ असं निळं दिसतं होय? माझी आई रडायला लागली, पोराला काय झालंय म्हणून." मामानं फोटो हातात घेतला, डावा डोळा मिटून बघितला. त्याला त्यात काही वावगं दिसेना. पण आजी रडली हे खरं होतं. त्यानं लॅपटॉपवर थाप मारली आणि म्हणाला, "ह्याचं वय झालं." मामी परत आली त्या दिवशी नवा लॅपटॉप घ्यायचं ठरून गेलेलं होतं.

मामा-मामींनी मला बरोबर नेलं ते खोकं उचलायला. मामानं पेनड्राइव्हवर एक फोटो घेतला होता. फार जुना, फिल्मवरचा. गच्चीवर दोरीला पांढरी चादर वाळतेय आणि तिच्या शेजारी तरुण मामी उन्हानं डोळे बारीक करून उभी आहे. नवा कागद, नवी शाई, नवा पडदा, काहीही आलं तरी मामा आधी त्याच्यावर हा फोटो बघायचा. त्या चादरीचा पांढरा त्याला पाठ होता.

दुकान लांबट होतं, टेबलांवर उघडे लॅपटॉप ओळीनं मांडलेले. दुकान चालवणाऱ्या बाई मऊ बोलायच्या, चष्मा दोरीनं गळ्यात. त्यांनी विचारलं, "काम काय करणार?"

"सकाळी कचेरीचं, दुपारी फोटोंचं," मामी म्हणाली. "मला आकड्यांची बटणं उजवीकडे वेगळी हवीत. आणि आवाज कमी. जुना दळण दळल्यासारखा घरघरतो."

"फोटोंसाठी रॅम जास्त घ्या, म्हणजे मोठ्या फाइली अडकणार नाहीत. साठवायला जागाही भरपूर लागेल. आणि पडदा रंगाला खरा असलेला. चकचकीत नको, त्याच्यात मागचा दिवाच दिसत राहतो."

"पडद्याचं माझ्यावर सोडा," मामा म्हणाला.

बाईंनी तीन लॅपटॉप बाजूला काढले, तिन्हींवर गच्चीचा फोटो उघडला. मामा पहिल्यापुढे वाकला, डावा डोळा मिटला, मान हलवली. दुसऱ्यापुढे जास्त वेळ थांबला. "हा पिवळा." तिसऱ्यापुढे गेला आणि त्याचा चेहरा उजळला. "हा! याला म्हणतात पांढरं. हाच बांधा."

मामीनं तिसऱ्याकडे बघितलं. तिथं तिची तरुण मूर्ती थंड पाण्यातून काढल्यासारखी उभी होती.

बाई जरा चाचरल्या. "काका, हा निळसर आहे. आम्ही हा फक्त लिहिण्या-टायपिंगच्या कामाला देतो. तुमच्यासाठी मधला बरा."

"निळसर?" मामा हसला. "बाई, ती चादर मी काढलीय. ही तिथं उभी होती. हिलाच विचारा." आणि मामीकडे वळून म्हणाला, "सांग गं. कुठली पांढरी?"

मी मामीकडे बघत होतो. ती एरवी तोंडाची फटकळ, पण आता पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागली. हो म्हणावं तर निळं मशीन घरात येणार, आणि रोज संध्याकाळी ती ते पुसत बसणार. नाही म्हणावं तर भर दुकानात नवऱ्याला कामावरून काढून टाकल्यासारखं.

मग ती म्हणाली, "अहो, तुम्ही दुसऱ्या डोळ्यानं बघितलंत का?"

"कुठल्या दुसऱ्या?"

"डाव्या. उजवा मिटा."

मामानं उजवा डोळा मिटायचा प्रयत्न केला. दोन्ही मिटले. पुन्हा केला, ओठ वाकडा झाला, गाल वर चढला, पण उजवा एकटा मिटेना. आयुष्यात त्याला कधी मिटायला सांगितलंच नव्हतं. मामी पुढे झाली आणि तिनं त्याच्या उजव्या डोळ्यावर आपला तळहात ठेवला. "आता बघा."

मामानं तिसरा बघितला. मग मधला. मग परत तिसरा. मामीचा हात बाजूला करून उजव्यानं बघितलं, मग तिचा हात स्वतःच धरून परत डोळ्यावर ठेवला.

"त्या बाळाचा फोटोही असाच?" त्यानं विचारलं.

"असाच."

"आणि बाकीचे? शाळेचे? ते तर कोणी परत आणले नाहीत."

मामीनं त्याच्या डोळ्यावरचा हात खाली घेतला.

"संध्याकाळी तू बसायचीस."

"मग काय, आपल्याकडे भुतं येतात निळं पुसायला?"

मामाला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत येऊन थांबलं. "बोलायचं होतंस."

"बोलले असते तर उठून गेला असतात. आताही जाल."

"जातो," मामा म्हणाला. त्यानं मधल्या लॅपटॉपचं झाकण हलकेच मिटलं आणि बाईंना सांगितलं, "हा बांधा. आकड्यांची बटणं हिला दाखवून द्या. दुपारचं कामही काही दिवस हीच करेल." मग मामीला म्हणाला, "येताना कोपऱ्यावर पाटी दिसली, डोळे तपासतात म्हणून. बघतो, काय म्हणतात ते."

"थांबा, मी येते."

"तू खोकं बघ. डोळे माझे आहेत."

तो पायऱ्या उतरला. रस्त्यावर ऊन होतं, वर्दळ होती. तो कडेकडेनं चालला, घाईही नाही, रेंगाळणंही नाही, पाठीमागे हात बांधून. बाईंनी आतून विचारलं, "बिल कोणाच्या नावानं करू?" मामी दारातच उभी होती. तो कोपऱ्यावर वळून दिसेनासा झाला, तेव्हा कुठे ती आत वळली.