परातीएवढी चकती

बायकोची कुडी शोधण्यासाठी मी आमच्या रानात एकोणीस खड्डे काढले आणि कुडी त्यांतल्या एकाही खड्ड्यात नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचताना तुम्ही उगाच आशा धरायला नको. मी धरली होती, आणि तिनंच माझी कंबर धरली.

आमचं रान कडेगावच्या अलीकडे, रस्त्याला लागून. बुधवारी सुमन, म्हणजे आमची मंडळी, लागणीच्या उसात भांगलायला गेली होती. ऊस अजून घोट्याएवढाच. संध्याकाळी घरी येऊन तिनं तोंड धुतलं, आरशात बघितलं, तर डाव्या कानातली कुडी गायब! कुड्या सासूबाईंच्या. सासूबाई गेल्या उन्हाळ्यात गेल्या, आणि जाताना लेकीच्या हातात हा एवढाच जोड ठेवून गेल्या. रविवारी विट्याला सुमनच्या भाचीचं लग्न होतं. आईच्या कुड्या घालून मांडवात उभं राहायचं, असं तिनं महिनाभर घोकलं होतं. ती रडली नाही. नुसती आरशापुढे बसून राहिली, एका कानावर हात ठेवून. मला तिचं रडणं चालतं, पण हे असं कान धरून बसणं सोसत नाही.

शिवाय चूक माझी होती. दिवाळीतच ती म्हणाली होती, “आवं, फिरकी ढिली झालीया. विट्याला गेलासा तर सोनाराकडनं बसवून आणा.” त्यानंतर मी विट्याला चारदा गेलो. चारही वेळा भजी खाऊन परत आलो.

म्हणून त्या संध्याकाळी माझ्या तोंडून निघून गेलं, “काळजी करू नको. मी मशीन आणतो.”

इथे थोडा खुलासा करायला हवा. गावात मला मेजर म्हणतात. (आमच्याकडे लष्करातून परत आलेला प्रत्येक जण मेजर असतो. खरा मेजर आला तर त्याला काय म्हणायचं, हा प्रश्न अजून गावापुढे आलेला नाही.) चहाच्या टपरीवर बसून मी गेली कित्येक वर्षं सुरुंग शोधतोय. कानाला हेडफोन, हातात यंत्र, एकेक पाऊल मोजून टाकणं, सगळं मी इतक्यांदा सांगितलं आहे की आता मलाच आठवतं. खरं सांगायचं तर मी स्टोअरमध्ये होतो. यंत्र मी लोकांच्या हातात द्यायचो, सही घ्यायचो आणि ते परत आलं की फडक्यानं पुसायचो. पुसण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता.

गुरुवारी सकाळी सांगली गाठली. तिथं एक जण जमिनीतले व्हॉल्व्ह आणि केबली शोधायला असलं यंत्र भाड्यानं देतो. काठीच्या टोकाला बशीएवढी गोल चकती, वर एक डबा, धातू आला की ‘पीं’ वाजतं. दुपारी रानात आलो तर सुमन तांदळाची चाळण घेऊन बांधावर उभी.

“मी लिंबाखाली बसून भाकरी खाल्ली. पदर तिथंच कानाला अडकला हुता,” ती म्हणाली. “तिथली माती चाळून बघती.”

“खबरदार!” मी ओरडलो. “रानात कोणी पाऊल टाकायचं नाही. याची पद्धत असते. कोपऱ्यापासून सुरुवात, पट्टे पाडायचे, एकही इंच सोडायचा नाही.”

“आवं, पन मला ठावं हाय कुठं...”

ती दोन पावलं जवळ आली आणि यंत्र पीं पीं पीं करून ओरडायला लागलं. तिच्या बांगड्या! मी तिला बांधाच्या पलीकडे उभं केलं. कुडी कुठे पडली हे जगात एकाच माणसाला माहीत होतं, आणि मी त्याला शास्त्रोक्त पद्धतीनं रानाबाहेर काढलं.

लिंब होता पूर्वेच्या टोकाला. मी सुरुवात केली पश्चिमेच्या कोपऱ्यातून.

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मला मिळालं ते असं: गुटख्याच्या चकचकीत पुड्या, बाटल्यांची टोपणं, तारेचे तुकडे आणि एक खिळा जो माझ्या चपलेतून वर आला. अर्धंही रान झालं नव्हतं. खांदा भरून आला होता. बांधावर शेजारचे अण्णा येऊन बसले होते. आमचं रान आणि त्यांचं रान एकाला एक लागून, नदीवरून येणारी पाइपलाइनही दोघांत एक.

“मेजर, घावंना व्हय?”

“नाही अण्णा.”

“मग खोल जावा की! मी बोअर मारला तवा दोनशे फुटाला धूळ. लोकं म्हनली सोडा. मी म्हनलं, आनखी खोल. तीनशेला धूळ. आनखी खोल! शेवटी चारशेला...”

“पाणी लागलं?”

“न्हाई, तितंबी धूळच. पन मनाला समाधान लागलं!”

तुम्ही हसाल, पण आमच्या भागात हे शहाणपण समजलं जातं. वस्तू मिळाली नाही याचा अर्थ ती तिथं नाही असा होत नाही. ती आणखी खाली आहे असा होतो. आमच्या तालुक्याची अर्धी जमीन याच श्रद्धेनं भोकं पाडलेली आहे. मलाही पटलं. पडून जेमतेम दोन दिवस झालेली कुडी खोल कशी जाईल, हा विचार माझ्या, अण्णांच्या आणि जमलेल्या इतर चार कर्त्या पुरुषांच्या डोक्याला शिवलाही नाही.

शनिवारी पहाटेच्या एसटीनं पुन्हा सांगली. “मोठी चकती द्या.”

त्यानं दिली. चकती कसली, परात होती! पुरणपोळीची कणीक मळावी एवढी. “ही खोल जाते,” तो म्हणाला. “पण बारीक माल सोडते, साहेब. तुम्हाला शोधायचं काय आहे?”

मी पहिलं वाक्य ऐकून परात काखोटीला मारली होती. दुसरं वाक्य मला एसटीत, परतीच्या निम्म्या वाटेवर, ऐकू आलं. तोवर तिकीट फाडून झालं होतं.

त्या परातीचं वजन मी सांगणार नाही. माझ्या खांद्याला विचारा, तो अजून सांगतो. एका बाजूनं फिरवली की ऊस मोडायचा, दुसऱ्या बाजूनं फिरवली की मी. पण आवाज? ‘पीं’ गेलं आणि ‘भों’ आलं. दर चार पावलांवर भों! मी खोदत सुटलो. पहिल्या खड्ड्यात नांगराचा मोडका फाळ, दीड हात खाली. दुसऱ्यात बैलाच्या पायाची पत्री. पाचव्यात ट्रॅक्टरची पिन, जिच्यावरून माझ्या वडिलांनी एका गड्याला कामावरून काढलं होतं. (तो बिचारा नंतर भेटलाच नाही.) सातव्या खड्ड्यात पितळी तांब्या निघाला आणि मी चूक केली: तो वर उचलून धरला.

अर्ध्या तासात निम्मं गाव बांधावर. मेजरला गुप्तधन लागलंय! कुणी नारळ आणला, कुणी हळदीकुंकू. एक म्हातारी म्हणाली, “माज्या मालकांनी हंडा पुरलाय म्हनायचे, आमच्या परड्यात या की बाबा.” मी प्रत्येकाला सांगत होतो, “कुडी शोधतोय हो, कुडी!” लोक एकमेकांकडे बघून डोळे मिचकावत होते. एवढ्या खोल कुडी शोधणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता, आणि खरं म्हणजे मीही पाहिला नव्हता.

सुमन मात्र बांधावर तशीच उभी होती. हातात चाळण. डोळे लाल. उद्या सकाळी आठला गाडी येणार होती. तिच्याकडे बघायचं धाडस होईना, म्हणून मी मान खाली घालून अठरावा खड्डा काढला.

एकोणिसाव्या जागेवर यंत्र जे ओरडलं ते थांबेचना. भोंऽऽऽ! गर्दी पुढे सरकली. अण्णांनी टोपी काढली. मी कंबरेपर्यंत खोदलं, तळाशी काहीतरी टणक लागलं, आणि सारी ताकद एकवटून मी पहार घातली.

नदीवरून येणारी पाइपलाइन. लोखंडी. गंजलेली. आणि त्या दिवशी पाण्याची पाळी अण्णांची, मोटार चालू!

पाणी लिंबाच्या उंचीला गेलं. मी खड्ड्यातून बाहेर कसा आलो हे मला माहीत नाही. बहुतेक पाण्यानंच काढलं. चष्मा गेला, परात गेली. लोक पळाले. एकटे अण्णा जागेवर उभे, डोक्यावरून निथळत, आणि आनंदानं ओरडत होते, “मेजर, पानी लागलं! पानी लागलं गड्या!” पाणी त्यांचंच आहे हे त्यांच्या ध्यानात यायला दोन मिनिटं लागली. मग ते जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही.

लोंढा निघाला तो थेट लिंबाकडे. तेव्हा मात्र सुमन हलली. तीन दिवस मी घालून दिलेली हद्द एका ढांगेत ओलांडून ती आत आली, माझ्या हातातलं खोरं हिसकावलं आणि लिंबाच्या अलीकडे मातीचा वरंबा ओढून पाणी शेजारच्या सरीत वळवलं. मग खाली बसली. वरची मूठभर माती बोटांनी ओढायची, चाळणीत घ्यायची, हलवायची. मी चष्म्याविना, चिखलानं माखलेला, तिच्या मागे उभा. चौथ्या की पाचव्या चाळणीला बारीक आवाज झाला.

तिनं कुडी उचलली, पदरानं पुसली, कपाळाला लावली, आणि तिथंच बसून ढसाढसा रडली. “आई गं,” एवढंच म्हणाली. मलाही हुंदका आला. (चेहरा आधीच ओला असल्यानं कुणाला कळलं नाही.)

मग डोळे पुसून माझ्याकडे बघत तिनं विचारलं, “दोन बोटं खाली हुती. बुधवारी पडल्याली कुडी दोन हात खोल कशी जाईल वो? ती काय पानी शोधाय गेलीवती?”

लग्न झालं. सुमन मांडवात दोन्ही कुड्या घालून उभी होती, फिरक्या घट्ट. मी मांडवाबाहेर अण्णांबरोबर पाइपाच्या जोडाची चर्चा करत होतो.

तेव्हापासून आमच्या घरात एक नवी पद्धत पडली आहे. काहीही हरवलं, की सुमन आधी मला शोधते. मी सापडलो, की हातात पिशवी आणि नारळ देते आणि औंधला यमाईच्या दर्शनाला पाठवते. मी डोंगर चढून, उतरून, एसटीनं घरी येईपर्यंत वस्तू सापडलेली असते. कपाटाच्या किल्ल्या, रेशन कार्ड, तिचा मोबाइल, सगळं असंच मिळालं. फक्त माझे गुडघे गेले.

परवा निम्म्या पायऱ्यांवर दम खात बसलो होतो. देवळातले गुरव वरून उतरत आले, मला बघून थांबले आणि भक्तिभावानं हात जोडून म्हणाले, “मेजर, ह्या म्हैन्यात तिसऱ्यांदा! देवीवर लय श्रद्धा हाय तुमची.”

मी पिशवीतला नारळ सावरला आणि पुढच्या पायरीवर पाय ठेवला. घरी टीव्हीचा रिमोट हरवला होता.