वहिनींचं कोरं ताट

भांडी घासायच्या ओल्या राखेचा वास आला की मला बोरी गावाच्या अलीकडची खडीची खाण आठवते. खाणीची धूळ आम्ही गावकरीच मोजायचो. आठ घरांच्या ओट्यावर स्टीलची ताटं ठेवायची, आठवड्यानं त्यांतली धूळ सोनाराच्या काट्यावर तोलायची आणि वजन मी वहीत लिहायचं. धूळ जास्त भरली तरच तहसीलदार खाण थांबवणार होते. सात ताटं करडी व्हायची, पण खाणीला सगळ्यांत जवळच्या घरातलं ताट तीन आठवडे कोरं निघालं. त्या घरचा माणूस खाणीवर कामाला होता, म्हणून मी शाईनं 'संशयास्पद' असा शेरा मारला. चौथ्या आठवड्यात न सांगता सकाळीच गेलो, तर त्याची बायको राखेनं तेच ताट घासत होती. "वहिनी, धूळ का पुसायलाव?" "मग काय भाऊजी, साहेब लोक बघणार, अन् माझ्या घरचं ताट घाण दिसावं व्हय? रोज घासते मी." पुढच्या आठवड्यात, न घासता, तेच ताट सगळ्यांत जड भरलं. वहीत खोडाखोड करायची नाही हा नियम माझाच होता, म्हणून शेरा तसाच राहिला. आजही त्या मला चहा देताना कप माझ्यासमोर विसळतात, आणि मला वर बघवत नाही.